लोखंडाची सोयरीक

सोमवार, चौदा मार्च एकोणीसशे पंचावन्न. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी मी खडूची एक कांडी कोटाच्या खिशात टाकली आणि उस्तादांच्या घराकडे निघालो. त्या दिवशी शाळेतून रजा घेतली होती. सदतीस वर्षांच्या नोकरीत मी दोनच किरकोळ रजा घेतल्या. पहिली वडिलांच्या दहाव्यासाठी, दुसरी ही.

दहा वाजता नदीकाठच्या दगडखाणीत उस्तादांनी घरी जुळवलेली बंदूक प्रथमच वाजायची होती. ती साधी बंदूक नव्हती. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप जागेवर येईल, मध्ये माणसाचा हात लागणार नाही, अशी ती होती. असे काम गंगाखेडात पूर्वी कोणी केले नव्हते, आणि माझ्या माहितीप्रमाणे नंतरही कोणी केले नाही. कलेक्टर कचेरीने एकाच बंदुकीचा आणि एकाच वर्षाचा परवाना दिला होता. एकतीस मार्चला त्याची मुदत संपत होती, आणि बंदूक वाजेल तेव्हा पोलीस ठाण्याचे जमादार हजर राहायचे होते.

उस्तादांचे खरे नाव गावात फार थोड्यांना ठाऊक होते. मला ठाऊक होते, कारण त्यांचे अर्ज मी लिहीत असे; परंतु ते येथे देण्याचे कारण नाही. एका जहागिरदाराच्या शस्त्रखान्यात त्यांनी सव्वीस वर्षे नोकरी केली होती. पोलीस ॲक्शननंतर शस्त्रखाना रिकामा झाला, बंदुका सरकारात जमा झाल्या आणि उस्ताद खाकी कोट व बंदूक दुरुस्तीचा परवाना घेऊन गंगाखेडास आले. कोटाला पितळी गुंड्या होत्या. जहागिरीची निशाणी आत जावी म्हणून त्यांनी प्रत्येक गुंडी उलटी शिवून घेतली होती. कोट मात्र टाकला नाही. ‘मालक गेले, कापड कुठं गेलं?’ असे ते म्हणत.

आमची ओळख शाळेच्या घंटेमुळे झाली. एके दिवशी मधल्या सुट्टीची घंटा होताच एक वयस्क गृहस्थ रस्त्यावरून सरळ आवारात आले आणि शिपायाच्या हातातला लोखंडी हातोडा त्यांनी काढून घेतला.

“ही आजारी हाय,” ते मला म्हणाले. “लाकडानं वाजवा. न्हाईतर फुटंल.”

घंटा दिसायला धडधाकट होती. आम्ही ऐकले नाही. तीन महिन्यांनी ती भर प्रार्थनेच्या वेळी फुटली. मी उस्तादांच्या घरी जाऊन तसे कळवले. त्यांना आनंद झालेला दिसला नाही. ते एवढेच म्हणाले, “लोखंडाला तोंड नसतं मास्तर. आपणच इचारायचं असतं.”

तेथून पुढे मी त्यांचा लेखनिक झालो. त्यांचे शिक्षण उर्दूत झाले होते, आणि कचेऱ्यांतली भाषा बदलत चालली होती. ते सांगत, मी लिहीत असे. मोबदला म्हणून त्यांनी माझ्या घड्याळाला पाच वर्षे कोणाचा हात लागू दिला नाही.

दुरुस्तीच्या कामात त्यांची तऱ्हा अशी होती की, बंदूक आणणाऱ्याला ते प्रथम एक फडके देत आणि ओट्यावर बसवत. मालकाने आपल्या हाताने नळी पुसून दाखवल्याशिवाय ते बंदुकीला स्पर्श करीत नसत. एका मोठ्या बागायतदाराने फडके नोकराकडे सरकवले.

“साहेब, ही त्याच्या नावावर हाय का?” उस्तादांनी विचारले.

“म्हणजे?”

“न्हाई, पुसायलाय तो. जो पुसतो त्यानंच मारावं, असा माझ्याकडं रिवाज हाय.”

बागायतदार परभणीला दुसऱ्या कारागिराकडे गेले. उस्तादांनी फडके धुऊन वाळत घातले.

आपोआप भरणाऱ्या बंदुकीचा ध्यास त्यांना का लागला, हे त्यांनी मला एकदाच सांगितले. शिकारीत ते जहागिरदारांच्या मागे भरलेली बंदूक घेऊन उभे राहत. पहिली वाजली की ती मागे घ्यायची, दुसरी पुढे द्यायची आणि पहिली भरायला लागायचे, हे त्यांचे काम. एकदा जखमी रानडुक्कर उलटून आले. दोन्ही बंदुका रिकाम्या होत्या आणि उस्ताद भरत होते. त्यांचा हात चुकला नाही, थांबलाही नाही. तरी तेवढ्या वेळात डुकराने हाकाऱ्यातला एक माणूस फाडला.

“मी घाई केली न्हाई आन् उशीर बी केला न्हाई,” ते म्हणाले. “भरायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. तेवढा वेळ मला लोखंडाकडून वापस घ्यायचा हाय.”

ही बंदूक बिराजीसाठी होती. बिराजी धनगर. त्याची मेंढरे सोनपेठच्या वाटेवरच्या माळावर बसत आणि लांडगे जोडीने येत. बापाच्या वेळची ठासणीची बंदूक एकदा वाजली की काठीइतकीच उपयोगाची. कळपाच्या रक्षणासाठी बंदूक बाळगण्याची परवानगी त्याने मिळवली होती. तो उस्तादांकडे आला तेव्हा त्याची अपेक्षा माफक होती.

“मला दुनळी बी चालंल, उस्ताद. दोन लांडगं, दोन गोळ्या.”

“आन् दोन्ही चुकल्या तर? मग काय करशील?”

“पळीन की.”

“मेंढरं?”

बिराजी उठला होता, तो पुन्हा ओट्यावर बसला.

उस्ताद बंदुकीला ‘संसार’ म्हणत. नळी हा घरधनी. बाकीचे भाग तिला शोभणारे, तिच्याशी पटवून घेणारे हवेत. भाग हैदराबादच्या एका परवानाधारक व्यापाऱ्याकडून रेल्वे पार्सलाने येत. आलेला प्रत्येक भाग एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत घरात पाहुणा म्हणून राही. त्याला स्वच्छ धडप्यात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात ठेवत. ‘चार दिवस घरात वावरल्याबिगर माणसाचा सोभाव कळत न्हाई,’ हे त्यांचे समर्थन होते.

त्यानंतर परीक्षा. प्रथम कूळ, म्हणजे पोलाद कोठले, कोणत्या कारखान्यातले, पूर्वी कोणत्या बंदुकीत होते. मग चाल, म्हणजे दुसऱ्या भागाजवळून तो कसा सरकतो. मग आवाज. भाग दोऱ्याने तुळईला टांगत, अंगावर घोंगडी घेऊन खाली बसत आणि चिंचेच्या काडीने त्याला टिचकी देत. शेवटची परीक्षा खडूची. भाग घासलेटात बुडवायचा, कोरडा पुसायचा आणि वर खडूची पूड भुरभुरवायची. कोठे केसाएवढी चीर असली तर आत शिरलेले घासलेट बाहेर येते आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. खडू मी पुरवीत असे. शाळेचा नव्हे; त्या कामासाठी चोवीस कांड्यांचा एक डबा मी वेगळा घेतला होता. एका भागाला एक कांडी.

नापसंत भाग परत पाठवताना ते धडप्यात एक सुपारी आणि हळकुंड बांधत. पाहुण्याला मोकळे पाठवू नये. काही महिन्यांनी व्यापाऱ्याचे पत्र आले. त्याने लिहिले होते की आपल्या पार्सलांत वारंवार किराणा माल आढळतो, तो कोणाचा, आणि आमच्या गुदामात उंदीर झाले आहेत.

मी पत्र वाचून दाखवले. उस्ताद गंभीर होते.

“लिहा मास्तर. सोयरीक जमली न्हाई, म्हणून वैर न्हाई.”

मी लिहिले. त्यानंतर व्यापाऱ्याने सुपारीचा उल्लेख केला नाही.

चार नळ्या परत गेल्या. पाचवी पसंत पडली. त्या दिवशी उस्तादांनी साखर वाटली आणि बिराजीला ओट्यावर बसवून त्याच्या तळहातावर चिमूट ठेवली. बिराजीने ती तोंडात टाकली.

“आता फिरता येनार न्हाई,” उस्ताद म्हणाले. “साखर खाल्ली.”

“मला काय ठावं? मी म्हनलं, सत्यनारायण असंल,” बिराजी मला नंतर म्हणाला. तथापि साखर खाल्ली होती. त्याने पुन्हा दुनळीचे नाव काढले नाही.

सर्वांत अधिक त्रास कमानीने दिला, म्हणजे पुढची गोळी जागेवर ढकलणाऱ्या पोलादी स्प्रिंगने. तिची परीक्षा जात्याखाली होई. वरची तळी काढून कमान मध्ये ठेवायची, तळी परत वर ठेवायची आणि तीन दिवसांनी पाहायचे. दाब निघताच कमान पूर्ववत झाली पाहिजे. उस्ताद म्हणत, “रुसणारी नको. दाबली तरी हासत उठली पायजे.” सहा कमानी रुसल्या. सातवी पसंत पडली. पण तिचा पुरता भरवसा वाटेना, म्हणून कामाची वेळ सोडून ती जात्याखालीच राहू लागली. त्या काळात त्यांच्या पत्नी ज्वारीचे टोपले घेऊन शेजारी दळायला जात. गाव त्यांना काकू म्हणे.

“माझं लगन ठरवायला तुमच्या बापाला अर्धा दिवस लागला,” काकू म्हणत, “आन् ह्या तारेला आठ महिने झाले.”

उस्ताद उठत, काकूंच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहत आणि तेथून उत्तर देत. काकूंशी बोलायचे तर ते नेहमी बाजू बदलून बोलत. ही त्यांची आणखी एक लहर, असे मी समजत होतो.

शेवटचा भाग बाहेरून आणायचा नव्हता. काडतूस नळीत गेल्यावर त्याच्या पाठीशी जो पोलादी तुकडा बंद होतो, त्याला उस्ताद ‘दरवाजा’ म्हणत. सगळा धक्का त्यावर येतो. तो फुटला तर मागेच येणार, आणि मागे नेम धरणाऱ्याचा गाल असतो. हा दरवाजा उस्तादांच्या गुरूंनी, जहागिरीतल्या जुन्या कारागिराने, स्वतःच्या हाताने घडवला होता आणि मरणापूर्वी यांना दिला होता. पुढे सरकारी मोजदादीत नोंद करून तो त्यांच्याकडेच राहू देण्यात आला. सात वर्षे तो देवघरात होता. परवान्याच्या यादीत तो मीच शेवटी लिहिला होता.

तेरा मार्चच्या सायंकाळी मी माझा डबा उघडला. आलेल्या-गेलेल्या भागांची यादी मी ठेवत असे. दरवाजा धरून यादीत चोवीस भाग होते. डब्यात एक कांडी शिल्लक होती.

तीच खिशात घेऊन मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात उभा राहिलो. उस्ताद ओट्यावर बसून जुळलेली बंदूक पुसत होते. गुंड्या घासून लख्ख केल्या होत्या, उलट्याच.

“दरवाजाला विचारले का?” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी कांडी ओट्यावर ठेवली.

“मास्तर, ते गुरूच्या हातचं हाय.”

“यादीत तो चोविसावा आहे.”

“परक्या घरची पोरगी बघतेत. मामाच्या पोरीला कुणी बघायला जातं का? घरचीच असती ती.” त्यांचा आवाज चढला नव्हता, पण हात थांबले होते. “सात वरसं देवापाशी होतं. त्याला आता घासलेटात बुडवू? आन् ते बी बिराजीपुढं, जमादारापुढं?”

“ते दहाला खाणीत येतील. येथे कोणी नाही.”

“तुमी जा मास्तर. खाणीत भेटू.”

मी गेलो नाही. त्यांच्या कामातले मला काही कळते असे मी कधी म्हटले नव्हते.

काकू दारात ज्वारी निवडत बसल्या होत्या. सुपातून डोके वर न काढता त्या म्हणाल्या, “मी मामाचीच पोर हाय की.”

उस्तादांनी हातातले फडके खाली ठेवले.

“मला कुठं बघितलं कुणी? घरची म्हनून आनली. मास्तर, लगनानंतर चार वरसं ह्यांना वाटायचं, बायको लय गर्वाची हाय, हाक मारली तर वळत न्हाई. चार वरसं. मग कळलं, मला उजव्या कानानं ऐकू येत न्हाई.” त्यांनी सूप आपटून कोंडा उडवला. “घंटी आजारी हाय, हे रस्त्यावरून कळतंय ह्यांना.”

उस्तादांनी बंदूक मांडीवर आडवी घेतली आणि दरवाजा वेगळा केला. त्यांनी तो देवघराच्या दिशेने एकदा कपाळाला लावला. नंतर वाटीत घासलेट ओतले.

ते पुसताना त्यांनी घाई केली नाही. खडू त्यांनी स्वतः कुटला, फडक्यातून चाळला आणि दरवाजावर भुरभुरवला. मग घोंगडीवर तो ठेवून दोन्ही हात गुडघ्यांवर घेऊन बसले. ऊन उंबऱ्यापर्यंत आले. काकूंचे निवडणे संपले होते; त्या तशाच बसून होत्या.

रेघ कोपऱ्यातून निघाली. आधी ओलसर ठिपका दिसला, मग केसाएवढी रेघ तिरकी होत अर्ध्यापर्यंत आली आणि थांबली.

“लिहा,” उस्ताद म्हणाले. लिहायला माझ्याजवळ काही नव्हते, आणि त्यांनाही ते ठाऊक होते.

ते ऐरण असलेल्या पडवीत गेले. मी मागे गेलो. त्यांनी दरवाजा ऐरणीवर उभा केला आणि एकच घाव घातला. तो त्या रेघेवरच दुभंगला. तुटलेली बाजू उजेडाकडे धरून ते पाहत राहिले. अर्धी चकाकत होती, अर्धी काळी पडलेली होती. ती चीर नवी नव्हती. घडवला त्याच दिवसाची होती.

“गुरूंनी हा कधी कुठल्या बंदुकीत बसिवला न्हाई,” ते म्हणाले. “चांगले दरवाजे सगळे बसिवले. हा एक बाजूला ठेवला. मला वाटायचं, माझ्यासाठी जपून ठेवला.”

“मग दिला कशासाठी?”

“ठेवायला दिला असंल. आपली चूक जवळ असावी, म्हनून. मी बसवायला निघालो.”

दहा वाजता आम्ही खाणीत पोहोचलो. बिराजी स्वच्छ फेटा बांधून आला होता. त्याच्याबरोबर सात-आठ धनगर होते. त्यांना साखर मिळण्याची आशा असावी. जमादार सावलीला बसले होते. उस्तादांनी बंदूक दगडावर ठेवली आणि दरवाजाचे दोन तुकडे बिराजीच्या हातात दिले.

“आज वाजणार न्हाई.”

“मंग कवा?” बिराजीने विचारले.

“म्हाईत न्हाई.”

“लय झालं उस्ताद. दोन हिवाळं गेलं. मी समद्यांला सांगून आलोय.” तो मागे वळून आपल्या माणसांकडे पाहू लागला. एकाने विचारले, “हे इकडंच फुटलं का?” आणि दोघे हसले.

उस्ताद पुढे झाले. बिराजीचा अंगठा त्यांनी तुटलेल्या काळ्या बाजूवर ठेवला आणि तो तसाच धरून त्याच्या गालाला लावला.

“हितं आलं असतं,” ते म्हणाले. “माझ्या चुकीनं. लोखंडाच्या न्हाई. एवढ्या एकाला मी बघितलं न्हवतं.”

हसणे थांबले. खाणीत दहा-बारा माणसे होती आणि चार गावांत बंदुकीच्या बाबतीत उस्तादांचा शब्द चाले. त्या माणसांसमोर ते हे बोलले. मी पुष्कळ विद्वान पाहिले. चूक कळल्यानंतर ती अशी सरळ वाक्यात सांगणारे फार थोडे पाहिले.

जमादार उठले. “उस्ताद, मुद्दत एकतीसपर्यंत हाय. झाली न्हाई तर सगळा सामान जमा करावा लागंल. मी काय करू शकत न्हाई.”

“करतो. पावती द्या म्हणजे झालं.”

मी मुदतवाढीचा अर्ज लिहिला होता. नियमात तशी सोय नव्हती. एकतीस मार्चला उस्तादांनी सर्व भाग तहसिलीत नेऊन दिले, प्रत्येक वेगळ्या धडप्यात, प्रत्येकाबरोबर सुपारी. कारकुनाने सुपाऱ्यांची नोंद कोठे करावी असे विचारले. बंदूक पुढे झाली नाही. बिराजीने त्या पावसाळ्यानंतर दुनळी घेतली. ती निवडायला परभणीच्या दुकानात उस्ताद बरोबर गेले, सकाळपासून दुकान मिटेपर्यंत बसले आणि त्यांनी खडूच्या सहा कांड्या संपवल्या. बिराजीचा गाल शेवटपर्यंत शाबूत राहिला. मेंढरांचे मी विचारले नाही.

लोक म्हणतात, त्यांच्या हातून काही पुरे झाले नाही. त्यांच्या हातून काय पुरे झाले, ते मी त्या सोमवारी पाहिले.

खाणीतून परतल्यावर ते जेवले नाहीत. कोट काढून खुंटीला लावला. दरवाजाचे दोन्ही तुकडे तेलाने पुसून, फडक्यात बांधून त्यांनी पुन्हा देवघरात ठेवले. उन्हे कलली तेव्हा ते स्वयंपाकघरात जात्यापाशी बसले. त्या बंदुकीला आता घाई नव्हती, परंतु कमान आदल्या दिवशी काढून बंदुकीत घालताना वरची तळी भिंतीला तशीच टेकवलेली राहिली होती. त्यांनी खालची तळी फडक्याने पुसली, तेलाचा डाग नखाने खरवडला, वरची तळी उचलून मधल्या खिळीवर बरोबर बसवली आणि खुंटा हलवून पाहिला. मूठभर ज्वारी टाकून चार फेरे दिले. ते पीठ त्यांनी काढून टाकले. दुसरी मूठ टाकली, पीठ बोटांत चोळून पाहिले, वास घेतला. मग उठून ते काकूंच्या डाव्या बाजूला गेले आणि ज्वारीचे टोपले त्यांच्या हाती दिले.